थर्माकोलला मानवेल ते

तंजावूरच्या राजवाड्यापासून पायी दहा मिनिटांवर एक लॉज आहे. नोव्हेंबरातल्या एका रात्री त्या लॉजच्या खोलीत बसून मी थर्माकोलच्या अठरा शीटांवर अठरा छायाचित्रं डिंकाच्या स्प्रेनं चिकटवली आणि समाधानानं झोपलो. सकाळी पाहतो तर अठरापैकी अकरा शीटांना देवी आल्या होत्या. कागदाखाली खळगे पडले होते, काही ठिकाणी करंगळी जाईल एवढे. मोडीतल्या एका पत्राच्या फोटोत नेमक्या तारखेच्या जागी खड्डा होता. दुपारी एका स्नेहमंडळाचं छोटं प्रदर्शन होतं. बाहेर ईशान्य मोसमी पाऊस कोसळत होता, आणि मी कॉटवर बसून स्प्रेच्या डब्यामागची बारीक अक्षरं पहिल्यांदाच वाचत होतो. पॉलिस्टायरीनवर वापरू नये, असं त्यांत स्पष्ट छापलेलं होतं.

पुढे या पुस्तिकेच्या लेखकाला मी ही कथा सांगितली. तो हसला नाही. त्यानं एवढंच विचारलं, "कागद ओला असतानाच दाबलास ना?" मी हो म्हटलं. "मग डब्याला बोल लावू नकोस. निम्मी चूक डबा निवडताना झाली, निम्मी घाईत." ही पुस्तिका त्या दोन वाक्यांतूनच वाढली असावी असा माझा समज आहे. प्रस्तावना लिहायचा मान मला मिळाला तो माझ्या खड्ड्यांमुळे, हेही सांगून टाकतो.

फोमच्या शीटा स्प्रेनं कशा चिकटवाव्यात यावर स्वतंत्र पुस्तिका कशाला, असं वाचकाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण मराठीत चिकटवण्याच्या पदार्थांना किती नावं होती ते आठवून पाहा: डिंक, खळ, सरस, राळ, लाख, लुकण, लांबी. यांतला एकही शब्द दुसऱ्याच्या जागी बसत नसे. पाकिटाला डिंक, पुस्तकाच्या पुठ्ठ्याला खळ, सुताराच्या सांध्याला सरस, कोयत्याच्या मुठीत लाख, खिडकीच्या काचेला लांबी. पतंग फाटला तर पोरं ताटातलं शीत घेऊन ठिगळ लावत. ज्याला ते नाव ठाऊक, त्याला तो पदार्थ कुठे चालतो हेही ठाऊक असायचं. 1959 साली बाजारात आलेल्या पांढऱ्या फेविकॉलनं सुताराची सरस वितळवण्याची दगदग संपवली, ते चांगलंच झालं. पण त्याबरोबर सगळ्या चिकटपणाचं एकच नाव होऊन बसलं. आता त्याच्या शेजारी दुसरं नाव आलं आहे, 'स्प्रे'. दुकानात जाऊन "चिकटवायचा स्प्रे द्या" म्हटलं की दुकानदार हाताला येईल तो डबा पुढे करतो. कशाला लावणार, हे तो विचारत नाही आणि आपणही सांगत नाही.

शीटांच्या नावांचाही असाच घोळ आहे. पांढरे दाणे एकमेकांत दाबून झालेली, मोडली की भुसा उडणारी ती थर्माकोल, म्हणजे फुगवलेलं पॉलिस्टायरीन. त्याच रसायनाची पण दाणे न दिसणारी, गुळगुळीत, बहुधा निळी किंवा गुलाबी शीट ही दाबून ओढून काढलेली. ती जास्त घट्ट असते आणि गच्चीवर उष्णता अडवायला वापरतात. फोम बोर्ड म्हणजे दोन जाड कागदांमध्ये फोमचा थर. बाहेर कागद असल्यामुळे तो कुठलाही डिंक सहन करेल असं वाटतं. कडा उघड्या असतात हे मात्र विसरलं जातं. आणि ज्याला आपण सर्रास सनबोर्ड म्हणतो तो पीव्हीसीचा, त्याची जातकुळीच वेगळी. सनबोर्डवर बिनतक्रार चाललेला डबा थर्माकोलवर घात करतो तो इथेच. लेखकानं पहिलं प्रकरण नुसतं शीट ओळखण्यावर खर्च केलं आहे. उतावळ्या वाचकाला ते कंटाळवाणं वाटेल. त्यानं ते दोनदा वाचावं.

थर्माकोल विरघळतो म्हणजे काय होतं, ते थोडं उलगडून सांगतो, कारण माझी समजूत बरीच वर्षं चुकीची होती. मला वाटायचं की स्प्रेमध्ये काही तरी जहाल असतं, आम्लासारखं, आणि ते थर्माकोल जाळतं. तसं काही नसतं. ते समजायला थर्माकोल मुळात कशाचा, हे आधी पाहायला हवं. 1839 साली बर्लिनमधल्या एडुआर्ड सिमोन नावाच्या औषधविक्यानं स्टोरॅक्स नावाच्या राळेतून एक तेलकट द्रव वेगळा काढला. तो काही दिवसांनी आपोआप घट्ट झाला. स्टोरॅक्स म्हणजे आपला शिलारस. धुपात आणि जुन्या औषधांत पडणारा तोच. पॉलिस्टायरीनची गोष्ट एका झाडाच्या चिकापासून सुरू होते हे कळल्यावर मला थर्माकोलबद्दल थोडी आपुलकी वाटू लागली. पुढे शंभरेक वर्षांनी जर्मनीतल्या बीएएसएफ कंपनीत या पदार्थाच्या बारीक दाण्यांत पेंटेन भरून ते वाफेवर फुगवायची युक्ती सापडली. दाणा चाळीस-पन्नास पट फुगतो. आपल्या हातात येते त्या शीटमध्ये आकारमानानं साधारण अठ्ठ्याण्णव टक्के हवाच असते. उरलेल्या दोन टक्क्यांच्या पापुद्र्यांनी ती कोंडून ठेवलेली असते.

टोल्यूईन, अ‍ॅसिटोन, इथाइल अ‍ॅसिटेट यांसारखे द्रव या पापुद्र्यांशी फार लवकर सलगी करतात. साखरेला पाणी जसं, तसे हे पॉलिस्टायरीनला. पापुद्रा मऊ पडला की कोंडलेली हवा निसटते आणि एक इंच जाडीचा भाग नखाएवढ्या चिकट थेंबात आटतो. जळत काही नाही, घर कोसळतं. म्हणून अगदी थोडा द्रवही मोठा खड्डा पाडतो. हवेच्या महालाला पाडायला फार मजूर लागत नाहीत.

त्या सकाळी पाऊस थांबल्यावर मी ईस्ट मेन स्ट्रीटवरून राजवाड्याकडे निघालो. हाताशी तीन तास होते आणि डोक्यात एकही उपाय नव्हता. राजवाड्याच्या वाटेवरच्या दुकानांत तंजावरी चित्रं, माना डोलावणाऱ्या बाहुल्या आणि पितळी तबकं मांडलेली असतात. त्यांच्यात काचेच्या पेटीत बृहदीश्वराचं पांढरं देऊळ होतं, वीतभर उंचीचं, शिखरावरच्या मूर्तींसकट. लांबून मला ते थर्माकोलचं वाटलं. जवळ गेल्यावर कळलं की ते नेट्टी आहे.

नेट्टी हा तमिळ शब्द. तळ्यांत, दलदलीत वाढणाऱ्या एका झुडपाचा हा गर. साल काढली की आत हस्तिदंतासारखा पांढरा, पिसासारखा हलका दांडा निघतो. आपल्याकडे यालाच भेंड म्हणतात. भेंडाची बाशिंगं, भेंडाची फुलं, त्यांवर चिकटवलेली बेगड हे ज्यांनी लहानपणी पाहिलं आहे त्यांना नेट्टी ओळखायला क्षणभर पुरे. बंगालमध्ये हाच शोला; देवीचा पांढरा साज त्याचा होतो, आणि साहेबाची सोला टोपीही याच गराची. तंजावूर भागात मट्टू पोंगलला गुराढोरांच्या गळ्यात नेट्टीच्या माळा घालतात. तंजावूरच्या नेट्टीकामाला 2020 साली भौगोलिक निर्देशांकही मिळाला.

आपल्याकडे गणपतीच्या मखरातून भेंड गेलं आणि थर्माकोल आला तो याच सारखेपणामुळे. दोन्ही पांढरे, दोन्ही हलके, दोन्ही धारदार सुरीनं लोण्यासारखे कापले जाणारे. पण डिंकाच्या दृष्टीनं पाहिलं तर दोघे सख्खे वैरी आहेत. भेंडाच्या अंगात उभ्या नळ्या असतात. ते पाणी पितं. खळ लावा, डिंक लावा, पांढरा फेविकॉल लावा, त्यातलं पाणी गर शोषून घेतो आणि सांधा काही मिनिटांत धरतो. टोल्यूईनचं त्याला काही वाटत नाही. थर्माकोल नेमका उलटा. पाणी त्याच्या अंगाला लागत नाही आणि टोल्यूईन पाहिलं की विरघळतो. दुकानातला कारागीर बांबूच्या काडीच्या टोकावर पांढऱ्या डिंकाचा मोहरीएवढा थेंब घेऊन नंदीच्या मंडपाचा खांब बसवत होता. फुंकर मारायचा, बोटानं दाबायचा, पुढचा खांब. मी माझ्या खड्डे पडलेल्या शीटा त्याला मोबाइलवर दाखवल्या. त्यानं फोटो मोठा करून पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं, आणि तमिळमध्ये जे काही बोलला त्याचा अर्थ विचारायचं धाडस मला झालं नाही.

त्याच रांगेत तंजावरी चित्रं आहेत, आणि चिकटवण्याच्या कलेचा याहून मोठा धडा मला ठाऊक नाही. चित्र म्हणून आपण सोनं आणि रंग पाहतो. मी त्या दिवशी सगळे थर मोजत होतो. खाली फणसाच्या लाकडाची फळी. तिच्यावर खळीनं किंवा डिंकानं ताणून बसवलेलं कापड. त्यावर खडूची पूड आणि डिंक यांचे लेप, घासून गुळगुळीत केलेले. मग त्याच जातीच्या जाड लगद्यानं उठवलेले दागिने, कमानी, महिरपी. त्यांत बसवलेले खडे, वर सोन्याचा वर्ख, आणि सगळ्यांत शेवटी रंग. फळीपासून वर्खापर्यंत प्रत्येक थर खालच्या थराला मानवेल अशाच डिंकानं धरलेला. जुन्या कामांत ही खळ पुष्कळदा चिंचोक्याची असे. चिंचोक्याची खळ मराठी माणसाला परकी नाही. धनगराच्या घोंगडीला ताठपणा येतो तो तिच्यामुळेच. 1674-75 च्या सुमारास व्यंकोजीराजांबरोबर मराठे कावेरीकाठी आले आणि 1855 पर्यंत तिथे त्यांचं राज्य राहिलं. या चित्रशैलीला त्यांच्या दरबाराचा मोठा आश्रय मिळाला. चित्रकार तेलुगू राजू घराण्यांतले, देव तमिळ, दरबार मराठी, आणि सगळ्यांना धरून ठेवणारी खळ चिंचोक्याची. आता फळीच्या जागी प्लायवूड आणि खळीच्या जागी पांढरा डिंक आला आहे. त्यावर उसासे टाकणारे बरेच आहेत. मी त्यांच्यात नाही. प्लायवूडला पांढरा डिंक मानवतो, बस्स.

'मानवणे' हे क्रियापद मी इथे मुद्दाम वापरतो आहे. अन्न मानवतं, हवा मानवते, औषध मानवत नाही, असं आपण म्हणतो. डिंकाच्या बाबतीत मात्र आपण 'पक्का' हा एकच शब्द धरून बसलो आहोत. दुकानात सगळ्यांत पक्का डबा मागितला की बहुधा रबर आणि कडक द्रावक असलेला डबा मिळतो. चप्पल, रेक्झिन, सनमायका यांना तो उत्तम. थर्माकोलला त्याच्यासारखा शत्रू नाही. थर्माकोल मुळात इतका नाजूक की जोर लावला तर सांध्याआधी तोच तुटतो. त्याच्याहून दसपट मजबूत डिंक घेऊन करायचं काय?

आता डब्याविषयी. फवारणीच्या डब्याचं पहिलं पेटंट 1920 च्या दशकातलं, नॉर्वेच्या एरिक रोथाइम नावाच्या अभियंत्याचं. पुढे दुसऱ्या महायुद्धात डास मारण्यासाठी अमेरिकी सैन्यानं असे डबे वापरले आणि युद्धानंतर ते घराघरांत गेले. पूर्वी आतला दाब देण्यासाठी फ्रेऑनच्या जातीचे वायू भरत. ते ना जळत, ना फारसं काही विरघळवत. ओझोनच्या थराला भोक पडतंय हे कळल्यावर 1987 च्या माँट्रियल करारानं त्यांची गच्छंती सुरू झाली. त्यांच्या जागी ब्युटेन, प्रोपेन आणि डायमिथाइल इथर आले. पृथ्वीचं भलं झालं, पण डबा जळाऊ झाला. शिवाय डायमिथाइल इथर स्वतःच चांगला द्रावक आहे. म्हणजे डिंक सौम्य असला तरी त्याला ढकलणारा वायू थर्माकोलला खाऊ शकतो. ही गोष्ट मला या पुस्तिकेतून कळली, आणि एका मित्राचा 'साधा' स्प्रे का फसला याचं उत्तर दहा वर्षांनी मिळालं.

तेव्हा डब्यावर काय पाहायचं? 'पॉलिस्टायरीन फोमसाठी' किंवा 'फोम-सेफ' असा स्पष्ट उल्लेख आहे का, हे आधी. नुसतं 'फोमसाठी' पुरत नाही. गाद्यांचा स्पंज हाही फोमच, आणि तो पॉलियुरेथेनचा असतो. काही कंपन्या खास पॉलिस्टायरीनसाठी वेगळा डबा काढतात; थ्रीएमचा 78 क्रमांकाचा स्प्रे त्यांपैकी एक. मग घटकांची यादी. टोल्यूईन, झायलीन, अ‍ॅसिटोन, मिथिलीन क्लोराइड यांपैकी काही वरच्या ओळींत दिसलं तर डबा परत ठेवायचा. हेक्झेन, हेप्टेन या वर्गातले द्रव थर्माकोलला त्यामानानं सौम्य असतात. पाण्यावर आधारलेले स्प्रेही मिळतात. ते निर्धोक, पण वाळायला वेळ घेतात, आणि दोन थर्माकोलांच्या मध्ये अडकलं की ते पाणी बाहेर पडायला जागाच नसते. पांढऱ्या फेविकॉलनं दोन शीटा जोडणाऱ्यांचा हाच अनुभव आहे: कडेचा डिंक वाळतो, आणि आठवड्यानं उचकटून पाहिलं तर मधला भाग अजून दह्यासारखा. एक बाजू कागदाची, कापडाची किंवा लाकडाची असेल तर मात्र पांढऱ्या डिंकासारखा स्वस्त आणि निरुपद्रवी सोबती नाही. लेखक हे मान्य करतो, पण तिसऱ्या प्रकरणाच्या तळटीपेत. मी असतो तर पहिल्या पानावर ठळक अक्षरांत छापलं असतं. स्प्रेची गरजच नाही अशी निम्मी कामं आपण स्प्रेनं करतो.

स्प्रे खरोखर लागतो तो मोठ्या, सपाट पृष्ठभागाला. छापील कागद फोमवर बसवायचा आणि एकही सुरकुती नको, डिंकाचं पाणी लागून कागद फुगायला नको, अशा वेळी त्याला पर्याय कमी. पण तो फटी भरत नाही. सांध्यात फट असेल, वजन असेल, तर ओलाव्यावर फुगून घट्ट होणारा पॉलियुरेथेनचा फोम-डिंक बरा. तो थर्माकोलला खात नाही. ग्लू गन लोक सर्रास वापरतात. पॉलिस्टायरीन शंभर अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि थर्माकोल त्याहूनही आधी आकसायला लागतो, तर गनमधला डिंक कमी तापमानाची गन घेतली तरी त्याहून गरम असतो. चालवायचीच असेल तर डिंक दुसऱ्या वस्तूवर ओतून, चार-पाच सेकंद थांबून मग टेकवावा.

वापराचं तंत्र लेखकानं फार नेटकं सांगितलं आहे. त्यातल्या दोन गोष्टींवर मी रेंगाळणार आहे, कारण दोन्हींची किंमत मी मोजली आहे.

पहिली अंतर आणि वेळ. एकाच डब्यानं एकाचं काम सुरेख होतं आणि दुसऱ्याचं वाटोळं, असं का? डबा वीतभर लांब धरला की द्रावकाचा बराच भाग हवेतच उडून जातो आणि फोमवर पडतो तो जवळपास कोरडा, जाळीदार डिंक. चार बोटांवर धरला की तोच द्रावक ओल्या थरात फोमवर साचतो. आणि थर ओला असतानाच दोन पृष्ठभाग एकमेकांवर दाबले, तर त्या द्रावकाला बाहेर जायला वाट उरत नाही. तो रात्रभर आत बसून निवांत जेवतो. माझ्या अकरा शीटांचं नेमकं हेच झालं. उरलेल्या सात वाचल्या त्या माझ्या शहाणपणानं नव्हे. मध्येच चहा आला होता, आणि मी त्या फवारून बाजूला ठेवल्या होत्या.

म्हणून दोन्ही बाजूंना पातळ थर मारायचा, मग थांबायचं. किती? बोटाच्या पाठीनं हलकेच टेकवून पाहायचं. चिकट लागलं पाहिजे, पण बोट उचलताना तार येता कामा नये. लाडवाच्या पाकात आपण तार येण्याची वाट पाहतो. इथे तार संपण्याची पाहायची. एकदा टेकवलं की सरकवता येत नाही, त्यामुळे कागदाची एक कड आधी बसवून, मधल्या भागाखाली दुसरा कागद ठेवून, हळूहळू तो काढत लाटण्यानं किंवा रबरी रोलरनं दाबत जायचं. काम झालं की डबा उलटा धरून नुसता वायू येईपर्यंत दाबायचा, म्हणजे तोंड बुजत नाही. खिडक्या उघड्या, आसपास शेगडी, उदबत्ती, सिगारेट काही नाही. गणपतीच्या आदल्या रात्री बंद खोलीत, शेजारी समई तेवत असताना स्प्रे मारणारे मी पाहिले आहेत. देव पाठीशी असतो म्हणून भागतं.

दुसरी गोष्ट दमट हवेची. फवारा बाहेर पडताना द्रावक झपाट्यानं उडतो आणि पृष्ठभाग थंड करतो. हवेत बाष्प भरपूर असेल तर ते त्या थंड थरावर बारीक दवासारखं बसतं. डिंक दुधाळ दिसायला लागतो आणि त्याची पकड सुटते. कोकणात श्रावण-भाद्रपदात हे होतं, आणि कावेरीच्या खोऱ्यात ऑक्टोबर ते डिसेंबरात. अशा दिवसांत पंख्याची झुळूक, कोरड्या खोलीत आधीपासून आणून ठेवलेल्या शीटा आणि पातळ थर, एवढंच हातात असतं. उन्हाळ्यातला धोका वेगळा. रबरी डिंक उष्णतेनं मऊ पडतो. तयार झालेल्या पाट्या बंद टेंपोत उभ्या ठेवून उन्हात नेल्या की मुक्कामी पोचेपर्यंत कागद दोन बोटं खाली सरकलेला असतो.

चाचणीबद्दल लेखकाशी माझा थोडा मतभेद आहे. तो म्हणतो, शीटच्या तुकड्यावर फवारून अर्धा तास पाहा. मला ही चाचणी फसवी वाटते, कारण उघड्या तुकड्यावरून द्रावक मोकळेपणानं उडून जातो. खरा घात झाकलेल्या सांध्यात होतो. तुकड्यावर फवारा, कागद लावा, वर एखादा जाड शब्दकोश ठेवा आणि सकाळी पाहा. तारेनं कापलेल्या कडेचीही वेगळी चाचणी घ्यावी, कारण गरम तारेनं त्या कडेवर काचेसारखी साय धरलेली असते आणि डिंक तिच्यावर नीट बसत नाही. बारीक पॉलिश पेपरनं ती खरवडावी लागते. कापताना निघालेले दाणे विजेच्या आकर्षणानं सगळीकडे चिकटतात. ते फुंकून जात नाहीत. किंचित ओलं फडकं फिरवावं.

एक ताकीद पुस्तिकेत आहे, पण ती मला इथेही हवी आहे. सरस्वती महाल ग्रंथालय राजवाड्याच्या आवारातच आहे. तिथे मोडी कागदांचे शेकडो बंडल आहेत, हजारो मराठी पोथ्या आहेत, सरफोजीराजांनी जमवलेली पुस्तकं आहेत. असे जुने कागद काहींच्या घरीही असतात. तंजावरात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत आजोबांची पत्रं, जमिनीचे कागद, विवाहपत्रिका सापडतात. मूळ कागदाला स्प्रे कधीही लावू नये, कितीही फोम-सेफ असला तरी. रबरी डिंक वर्षांनी पिवळा पडतो, कागदात झिरपतो, आणि मग तो काढता येत नाही. जुने कागद सांभाळणारे लोक आजही गव्हाच्या स्टार्चची खळ किंवा मिथाइल सेल्युलोज वापरतात, कारण पाण्याच्या हातानं ते परत सुटतं. बांधणीकार जुन्या काळी खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद टाकत. तेही आता टाळतात. मूळ कागदाची छायाप्रत घ्यावी आणि काय करायचे ते प्रयोग तिच्यावर करावेत. थर्माकोल स्वतःही फार दिवसांचा सोबती नाही. उन्हात तो पिवळा पडून वरून भुसभुशीत होतो.

आणि कायदा. 23 मार्च 2018 च्या अधिसूचनेनं महाराष्ट्रात सजावटीसाठी थर्माकोल बंद झाला. तमिळनाडूनं 1 जानेवारी 2019 पासून थर्माकोलच्या पत्रावळी आणि पेले हद्दपार केले. 1 जुलै 2022 पासून सजावटीचा थर्माकोल साऱ्या देशात बंद आहे. त्यामुळे मखरासाठी ही पुस्तिका उघडणाऱ्यानं ती मिटून भेंडाकडे, पुठ्ठ्याकडे, बांबूकडे जावं. उष्णतारोधक शीटा, वास्तुशिल्पाच्या प्रतिकृती, साचे, बांधणीतले आधार, कागद-फोमचे बोर्ड यांच्यासाठी हे ज्ञान अजून लागतं आणि बराच काळ लागेल. लेखकानं मखरांचं प्रकरण काढून टाकलं हे मला आवडलं. त्या जागी भेंडकामाचं छोटं परिशिष्ट जोडावं असा माझा आग्रह होता. तो त्यानं अर्धाच मानला. परिशिष्ट आहे, पण दोनच पानांचं.

त्या दिवशीच्या प्रदर्शनाचं काय झालं, हे अनेकांनी विचारलं आहे. राजवाड्यावरून परतताना एका स्टेशनरीच्या दुकानात कागद लावलेले फोम बोर्ड मिळाले, अकरा नव्हे, नऊ. छायाप्रती नव्यानं काढल्या. या वेळी डिंक पांढरा, पाणी घालून पातळ केलेला, रंगाच्या ब्रशनं फक्त कागदाच्या पाठीला, आणि वर लॉजमधल्या गाद्या. दोन मोडी पत्रं प्रदर्शनाबाहेर राहिली. दमट हवेनं एका बोर्डाचा वरचा कोपरा मात्र दुपारी उचकटलाच. लॉजच्या खराट्यातला नारळाचा एक हीर मोडून मी तो तिरका टोचला आणि टोक कागदाखाली लपवलं. संध्याकाळी बोर्ड उतरवणाऱ्या मुलाच्या बोटाला तो लागला. त्यानं विचारलं, हे काय? मी म्हटलं, खिळा.